पाच मिनिटांचा लाल उजेड

१२ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या नकाशांवर पाइपांचे आकडे लिहून झालेलं हे अक्षर, त्यात काही फरक नाही. बाकी माझ्यात बराच पडलाय. फोनवर मी तीनदा सांगतो, तू तीनदा ‘काय?’ विचारतेस, मग तुझी वहिनी फोन ओढून घेऊन तेच चौथ्यांदा सांगते आणि आपण तिघंही दमून फोन ठेवतो. मोबाइलवर टाइप करायला जावं तर माझा अंगठा एका वेळी तीन अक्षरं दाबतो. म्हणून आता पत्र. तसंही चौदा महिन्यांपूर्वी माझी अर्धी जीभ काढून तिथे मनगटाजवळची कातडी लावली, म्हणजे माझी जीभ निम्मी हातच आहे. तिला बोलण्यापेक्षा लिहिणं जवळचं वाटलं तर नवल नाही.

बातमी अशी, की ते परत आलंय. डाव्या कडेला, जुन्या टाक्यांच्या मागे. मला दोन महिने शंका होती, पण शंका दाखवायला नेली की तिची गाठ होते, म्हणून गप्प होतो. आता तपासणी झाली, कागद हातात आला.

नवीन डॉक्टरीणबाई आमच्या ऑफिसातल्या ज्युनिअर इंजिनिअरच्या वयाच्या आहेत. त्या म्हणाल्या की त्याच जागी पुन्हा रेडिएशन देता येणार नाही, तेहेतीस बैठका घेऊन झाल्यात. ऑपरेशन करायचं तर उरलेली जीभही जाईल, कदाचित स्वरयंत्रही. तिसरा रस्ता उजेडाचा. तो त्यांनी मला एका कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावला. रेघा इतक्या वाकड्या होत्या की माझं लक्ष आजारावरून उडून त्या रेघांवरच गेलं. आधी शिरेतून एक औषध द्यायचं. ते गाठीच्या पेशी शोधून त्यांना चिकटतं. त्या औषधाला एक रंग जोडलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर लाल लेसरचा उजेड पाडायचा. उजेड लागला की रंग जागा होतो आणि ज्या पेशीला तो चिकटलाय ती फुटून मरते, शेजारची चांगली पेशी बहुतेक वाचते. उजेड जेमतेम पाच मिनिटांचा. पुढे चार आठवडे मात्र अंधारात राहायचं, कारण थोडं औषध सगळ्या अंगात उरलेलं असतं.

गुण येईलच असं त्या म्हणाल्या नाहीत. मी पाटीवर प्रश्न लिहून विचारलं, तेव्हा त्यांनी पेनाचं टोपण दोनदा लावलं, दोनदा काढलं, आणि म्हणाल्या की काहींची गाठ पूर्ण जाते, काहींची लहान होते, काहींना काहीच फरक पडत नाही.

मी विचार करून सांगतो म्हणून आलोय. खरं तर विचारबिचार काही करत नाहीये, नुसता बसलोय. मला जायची घाई नाही ठमे, पण पुन्हा आडवं व्हायचा उत्साहही उरलेला नाही.

तुझ्या वसतिगृहातल्या पोरींना दम देताना थोडा दम स्वतःसाठी ठेवत जा. माया आहे तशी राहू दे.

तुझा
दादा


१७ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. उभ्यानेच वाचलं, कारण बसायला वेळ नव्हता. मग स्टोअररूममध्ये जाऊन गाद्यांच्या ढिगावर बसून परत वाचलं.

दोन महिने शंका होती आणि गप्प बसलास, याबद्दल तुला काय म्हणावं? पाण्याच्या पाइपातून ठिपका गळताना दिसला असता तर त्याच दिवशी रस्ता खणायला लावला असतास.

तू तो उजेडाचा उपचार घे. मला त्यातलं कळत नाही, पण कापाकापी नाही, पाच मिनिटांचं काम आहे, मग बसून काय राहायचं? चार आठवडे अंधार म्हणजे काही जन्मठेप नाही. तुला तसंही माणसं आवडत नाहीत. औषध चढवताना त्रास होतो का, हॉस्पिटलात किती दिवस, दुखेल ते किती दिवस, हे सगळं डॉक्टरीणबाईंना विचार आणि पाटीवर नको, आधीच कागदावर लिहून ने. पाटी पुसली की तुझा प्रश्नही पुसला जातो आणि तुला तेच हवं असतं.

इकडे एकशे बारा मुली आणि गरम पाण्याचा बॉयलर बंद. रोज सकाळी बादल्यांची रांग माझ्या खोलीपर्यंत येते. मदतनीसबाई महिनाभर रजेवर. दोन मुलींचं एका टॉवेलवरून भांडण झालं, ते तीन मजल्यांवर पसरलं. माझ्या कमरेला चाव्यांचा जुडगा आहे की जुडग्याला मी, कळेनासं झालंय. परीक्षा संपेपर्यंत मला हलता येत नाही. नाहीतर आलेच असते, तुला माहीत आहे. मला एकटीने सगळं निभवायची सवय आहे, पण दोन ठिकाणी एकदम निभवता येत नाही.

वहिनींना सा. न. सांग. त्यांचं काय चाललंय ते तू लिहितच नाहीस.

उत्तर धाड. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी
ठमी


२३ जानेवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र मी शाळेच्या प्रयोगशाळेत बसून लिहिते आहे. तास संपलाय, परीक्षानळ्या धुवायच्या पडल्यात. ह्यांना माहीत नाही.

ह्यांनी डॉक्टरीणबाईंना नको म्हणून कळवलं. मला विचारलं नाही. मंगळवारी मी फाइल आवरायला घेतली तेव्हा त्यात अर्जाची नक्कल सापडली. ऑफिसात रजेचा अर्ज करतात तशा भाषेत, उपचारास सामोरे जाण्यास असमर्थ आहे, असं लिहून खाली सही. मला हसू आलं आणि हसता हसता खाली बसले ती अर्धा तास उठले नाही.

तुम्हाला ते गमतीचं तेवढं लिहितात. हल्ली तोंडाने काही जात नाही. नाकातून पोटात नळी आहे, दिवसातून सहा वेळा सिरिंजने घालायचं, आधी गाळून, नंतर नळी धुऊन. मी दिवसभर शाळेत काचेच्या नळ्या धुते आणि घरी येऊन ही एक. कधी कधी हातात कोणती आहे तेच कळत नाही. तक्रार करत नाही, तुम्हाला चित्र दिसावं म्हणून सांगते.

आता जे विचारायचं ते विचारते. तुम्ही चौदा महिन्यांत एकदाही आला नाहीत. बॉयलर, परीक्षा, मदतनीसबाई, सगळं खरं असेल. पण सुट्ट्याही येऊन गेल्या. परवा ह्यांनी पाटीवर लिहिलं, की बाबांच्या वेळी मी नव्हतो, आता ती नाही, फिटंफाट झाली. आणि लगेच पुसलं. बाबांच्या वेळचं मला फारसं माहीत नाही, मी तेव्हा या घरात नव्हते. त्यात मी पडणार नाही. पण ह्यांच्या मनात तुम्ही शिक्षा देताय असं आहे, आणि शिक्षा भोगणाऱ्याला बरं व्हायचा हक्क वाटत नाही.

रागावू नका. रागावलात तरी कळवा. गप्प मात्र राहू नका.

तुमची
वहिनी


२९ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनींनी मला लिहिलंय. त्यांना बोलू नकोस. तुझा अर्जही कळला. असमर्थ आहे म्हणे! साहेबांनी मंजूर केला का?

दादा, मी तुला शिक्षा देत नाहीये. बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आई आधीच गेलेली, तू ड्रॉइंगच्या ट्रेनिंगला दूर. बाबांचंही तोंडातलंच होतं. शेवटचे दोन दिवस त्यांच्या गालातून रक्त यायचं थांबत नव्हतं आणि मी टॉवेल धरून बसले होते. टॉवेल भरला की दुसरा. घरातले संपले तेव्हा उशांचे अभ्रे काढले. तू आलास तेव्हा सगळं आवरून झालं होतं. तार उशिरा मिळाली म्हणालास. खूप वर्षं मला तुझा राग होता, मग तो झिजून गेला. सांगायचंच राहून गेलं की गेला म्हणून.

तुझ्या पहिल्या ऑपरेशननंतर वहिनींनी फोटो पाठवला. मी तो पाहिला आणि उलटा करून कपाटात, चादरींच्या खाली ठेवला. गालाची ती ओढलेली कड अगदी बाबांची होती. त्यानंतर दोनदा मी तुझ्याकडे यायला निघाले. एकदा स्टेशनच्या तिकीटखिडकीपर्यंत, एकदा फलाटापर्यंत. दोन्ही वेळा परत येऊन मुलींवर ओरडले. बॉयलर खरंच बंद आहे, पण तो चौदा महिने बंद नाही.

मागच्या पत्रात तू उपचार घेच म्हणून मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं. ज्याला बघायचं धाडस नाही त्याने दुसऱ्याला आडवं हो म्हणून सांगू नये. तेव्हा ते मागे घेते. घ्यायचा तर घे, नसेल तर नको. फक्त माझ्या नावावर ठरवू नकोस.

एवढं लिहून दमले. तुझ्या पायाशी जागा असू दे.

ठमी


७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. आ.

तुझ्या पत्राचं उत्तर चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. हे पाचवं फाडणार नाही असं ठरवून बसलोय.

तार उशिरा मिळाली नव्हती.

दोन दिवस आधी मिळाली होती. दुपारी, ड्रॉइंग हॉलमध्ये. बाबा गंभीर, ताबडतोब ये. मी पिशवी भरली, बस स्टँडवर गेलो, बाकावर बसलो. आपल्या गावची बस आली, भरली, गेली. मला उठता आलं नाही. दुसरी आली. तिसऱ्या बसच्या कंडक्टरने हात करून विचारलंसुद्धा की यायचंय का. मी मान हलवून नाही म्हणालो. मग परत हॉलवर गेलो आणि दोन दिवस एका व्हॉल्व्हचा नकाशा शाईत काढत बसलो. सरांनी त्याची तारीफ केली. मग तुझी दुसरी तार आली, ती वाचून निघालो. आता घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून निघता आलं.

पस्तीस वर्षं मी पोस्टखात्यावर ढकलत आलो. हे तुझ्या वहिनीलाही माहीत नाही. तू फलाटावरून परत फिरलीस ते वाचलं आणि वाटलं, हिला माझ्याइतकं कुणी ओळखणार नाही, आणि मी मात्र हिच्यावर शिक्षेचा आळ घेऊन बसलो होतो.

दुसरी गोष्ट. मी उपचार घेतोय. १९ तारखेला औषध, २० ला उजेड. तुझ्यासाठी नाही आणि धाडस म्हणूनही नाही. झालं असं, की शनिवारी सकाळी तुझी वहिनी नळीतून दूध घालत होती. सिरिंज हातात उभी धरलेली आणि तिचा डोळा लागला. उभ्या उभ्या. दूध थेंबाथेंबाने उतरत होतं आणि ती झोपलेली. मी हललो नाही. सिरिंज रिकामी झाली तशी दचकून जागी झाली आणि मला म्हणाली की सॉरी. मला म्हणाली! नको म्हणणं हे एकदाच म्हणून भागत नाही, ठमे. तिच्याकडे बघत रोज सकाळी नव्याने म्हणावं लागतं. तेवढं त्राण माझ्यात नाही. त्यापेक्षा हो म्हणणं सोपं पडलं.

डॉक्टरीणबाईंना कळवलं तर त्या म्हणाल्या की माझा अर्ज त्यांनी फाइलला लावलाच नव्हता.

रागाव, पण पत्र फाडू नकोस. मोठा भाऊ म्हणून जेवढं शिल्लक असेल तेवढ्यावर हक्क सांगतो.

दादा


१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचणार नाही.

त्या दोन दिवसांत मला तूच हवा होतास असं नाही. कुणीही चाललं असतं. फक्त आणखी एक माणूस हवं होतं. बाबांना उचलून कुशीवर करायला दोघं लागत होती आणि मी एकटी होते, म्हणून ते दोन दिवस एकाच कुशीवर राहिले. एवढंच मला आठवतं.

माफ केलं असं लिहिलं तर खोटं होईल. रागावले असं लिहायला अंगात जोर लागतो, तो आज नाही. बॉयलर दुरुस्त झाला.

उपचार नीट घे. त्याचा याच्याशी संबंध नाही.

ठमी


२५ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. आ.

हे जाड पेन्सिलीने लिहितोय. खोलीत इतका कमी उजेड आहे की ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील. चढू देत.

झालं एकदाचं. पहिल्या दिवशी दोन तास सलाइनमधून औषध. पडदे ओढलेली खोली, दारावर पाटी, नर्सबाई हळूच आत येऊन हाताने चाचपत नाडी बघायच्या. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटर. मला वाटलं होतं, निदान तो लाल उजेड बघायला मिळेल. कसलं काय, आधीच झोपवलं. मग सगळ्यांनी डोळ्यांना रंगीत चष्मे लावले, गाठीत सुयांसारख्या पोकळ काड्या खोचल्या, त्यातून काचेच्या तारा आत घातल्या आणि पाच मिनिटं उजेड सोडला. वरच्या भागावर बाहेरून टॉर्चसारखा. हे सगळं डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. माझ्या तोंडात एवढी रोषणाई झाली आणि मीच झोपलेला.

जागा झालो तेव्हा मात्र कुणीतरी तापलेली इस्त्री जिभेवर विसरून गेलंय असं वाटलं. दुखणं मला नवीन नाही, पण हे वेगळं होतं. पहिले दोन दिवस इंजेक्शनांवर काढले. तोंड सुजून भोपळा झाला. घसा बंद होऊ नये म्हणून पहिला दिवस श्वासाची नळीही तशीच ठेवली होती. तू विचारलं होतंस दुखेल ते किती दिवस, म्हणून लिहितो, आज पाचवा आहे आणि अजून आहे.

घरी आणलं ते सूर्य मावळल्यावर. टोपी, काळा चष्मा, हातमोजे, मफलर. शेजाऱ्यांना वाटलं असेल, कुणाला तरी पळवून आणलंय. वहिनीने खिडक्यांना खाकी कागद चिकटवलाय, कोपऱ्यात एकच मिणमिणता दिवा. हॉस्पिटलने उजेड मोजायचं छोटं यंत्र दिलंय. ते माझ्या हातात आल्यापासून वहिनी वैतागलीय, कारण मी सगळं मोजतो. फ्रीज उघडला की काटा उडतो म्हणून तिने फ्रीजमधला दिवाच काढून टाकला.

बसून बसून कंटाळा येत नाही, थकवा येतो. काही न करण्याने माणूस इतका कसा थकतो?

तुझ्या मागच्या पत्रावर मी काही लिहीत नाही. ते एका कुशीवरचं मला इथे पडल्या पडल्या कळलं.

आशीर्वाद आहेतच, हवे असले तर घे.

दादा


५ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते. गाठीचा मेलेला भाग आता सुटून पडतोय. तसं व्हायचंच होतं, पण वास फार येतो आणि काल त्या जागेतून रक्त आलं. हॉस्पिटलने शिकवलं होतं तसं गॉज दाबून धरलं, वीस मिनिटांनी थांबलं. संध्याकाळी नेऊन दाखवलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की घाबरण्यासारखं नाही, पण लक्ष ठेवा. रक्त थांबल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. बाहेर आले तर ह्यांनी अंधारात चाचपत चादर स्वतःच बदललेली होती. उलटी घातली होती.

माझी रजा सोमवारी संपते. शाळा आणखी देणार नाही. तुम्हाला एक आठवडा येता येईल का? एकदाच विचारते, परत विचारणार नाही.

वहिनी


२४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. बारा दिवसांत मुलींनी वसतिगृहाचं काय केलं ते लिहीत नाही, तुला सूज येईल.

निघताना तू विचारलंस, या वेळी फलाटावरून परत कशी फिरली नाहीस, आणि मी रिक्षात बसले. उत्तर असं काही नाही. वहिनींनी रक्ताचं लिहिलं होतं. तिकीट काढलं, बसले, गाडी सुटली. धीरबीर काही नव्हता. त्या घरात उचलायला एकच माणूस आहे, एवढंच डोक्यात होतं.

आत आले तेव्हा मला तू दिसलाच नाहीस. खुर्चीवर एक टोपी बसलेली होती. मी मनाची तयारी करून आले होते आणि बघायला काही नव्हतं! मग डोळे अंधाराला सरावत गेले तसा तू रोज थोडा थोडा दिसायला लागलास. आधी कपाळ, मग नाक, तिसऱ्या का चौथ्या दिवशी गालाची ती कड. पूर्ण चेहरा दिसेपर्यंत मला त्याची सवय झालेली होती. मिठाच्या पाण्याने तुझं तोंड धुवायला लागले तेव्हा नजर वळवली नाही. वासाचं मात्र खोटं बोलणार नाही. त्याची सवय नाही झाली.

आपलं भांडण झालं ते बरंच झालं. वहिनी शाळेत गेल्यावर झालं हे आणखी बरं. बस स्टँडवर त्या बाकावर बसून तू काय विचार करत होतास, असं मी विचारलं आणि तू पाटीवर लिहायला लागलास. लिहितोयस, लिहितोयस, आणि त्या उजेडात मला काळ्या पाटीशिवाय काही दिसेना. पाटी दिव्याखाली नेली तर तू यंत्र पुढे केलंस. मला इतका संताप आला! तोंडाने सांग म्हणून ओरडले. मग तू सांगितलंस. मी पोचत नाही तोवर बाबा आहेत, असं वाटत होतं म्हणालास. आणि मी ‘काय?’ विचारलं नाही. पहिल्या झटक्यात कळलं. चौदा महिने फोनवर कळत नव्हतं ते तुझं बोलणं नव्हतं, माझं ऐकणं होतं, असं आता वाटतं.

पूर्ण माफ झालंय का ते अजून ठरवलेलं नाही. पण आता ठरवायची घाई वाटत नाही.

स्कॅन झाला की कळव. वहिनींच्या डोळ्यांखाली बघ. उजेड कमी आहे तरी बघ. तुम्हा दोघांना माझी आठवण राहू दे.

ठमी


१६ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

अंधार संपला. एकदम बाहेर सोडत नाहीत, आधी परीक्षा असते. कागदी पिशवीला रुपयाएवढं भोक पाडायचं, हात त्यात घालून दहा मिनिटं उन्हात धरायचा आणि एक दिवस वाट बघायची. लाल झालं, फोड आला तर आणखी दिवस आत. माझा हात पहिल्या वेळी लाल झाला म्हणून आणखी दिवस आत गेले, दुसऱ्या वेळी काही उठलं नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन उभा राहिलो. काही वाटेल असं वाटलं होतं, पण डोळे चुरचुरले आणि पाय दुखले, म्हणून खाली आलो.

स्कॅन झाला. तीन हिस्से गेलंय, एक हिस्सा आहे. मागच्या बाजूला, हरभऱ्याएवढा. डॉक्टरीणबाईंना बरं वाटलं होतं, पण त्या दाखवत नव्हत्या. म्हणाल्या की हा उपचार पुन्हा करता येतो, उरलेल्यावर परत उजेड टाकू. पुढे काय, असं विचारलं तर पेनाकडे हात गेला. मीच म्हटलं, राहू द्या.

१२ मे ठरलीय. परत ते औषध, ती इस्त्री, चार आठवडे खाकी कागद. हो म्हणालो. आनंदाने नाही. पण आता रोज दोन चमचे पाणी, ठसका लागू नये म्हणून पावडर घालून घट्ट केलेलं, तोंडाने गिळतो. त्याला चव काही नाही, तरी गिळल्यावर थोडा वेळ नुसता बसून राहतो.

आता कामाचं. तुझ्या वहिनीच्या शाळेला २५ पासून आठ दिवस सुट्टी आहे. ती इथे राहिली तर सुट्टीत खिडक्या धुवेल, मला धुवेल, डबे घासेल. मी तिला सांगितलंय की तुझ्या वसतिगृहाला चाळीस पडदे शिवायचेत आणि तू एकटी पडलीस, म्हणून तिला बोलावलंयस. तिने आधी माझं कसं होईल ते विचारलं. मी सांगितलं, नळीचं काम मला स्वतःला येतं, सकाळी नर्सबाई डोकावतील, ऑफिसात नकाशे गिरवणारा ट्रेसर संध्याकाळी येऊन बसेल. तो बोलतच नाही, आमचं छान जमतं. तू इतकी नडलीस म्हटल्यावर ती तयार झाली. दुसऱ्याचं काम असल्याशिवाय ती घरातून निघणार नाही, हे तुलाही कळलं असेल.

माझ्या मोठ्या खोट्याचं तुला सांगून झालंय. हे लहान आहे, सांभाळून घे. तिला कामाला लावू नकोस. झोपू दे.

तुझं येणं-जाणं आता तुटू देऊ नकोस.

दादा


२७ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनी परवा सकाळी साडेनऊला पोचल्या. पिशवीत स्वतःची कात्री आणि मोजपट्टी. पडदे कुठे आहेत म्हणाल्या. मी म्हटलं, कापड यायचंय, तोवर जरा टेका. पाहुण्यांच्या खोलीत नेलं. चप्पल काढून पलंगावर बसल्या, नळीचं पाणी कोमट घ्यायला तुला आठवेल का, असं विचारायला लागल्या आणि वाक्य अर्धं असतानाच आडव्या झाल्या.

जेवायला उठवलं नाही. संध्याकाळी पाचला डोळे उघडले, तुझं सगळं झालं का विचारलं. हो म्हटलं. पुन्हा झोपल्या. काल सकाळी उठून आंघोळ केली, दोन घास खाल्ले, कापड आलं का विचारलं आणि माझं उत्तर ऐकायच्या आत परत. आज तिसरा दिवस. माणूस इतकं झोपू शकतं हे मला माहीत नव्हतं. मध्ये एकदा घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले की श्वास नीट आहे ना, मग झोपू द्या.

जेवणाची घंटा त्या खोलीच्या भिंतीवरच आहे. ती मी तीन दिवस बंद ठेवलीय. एकशे बारा मुलींना सांगितलं की घंटेशिवाय या आणि चपला हातात घेऊन या. कारण विचारलं नाही एकीनेही. अनवाणी रांग गेली खोलीवरून, मी बघत होते.

११ मेला मी तिकडे येते आणि या वेळी महिनाभर राहते. रजेचा अर्ज टाकलाय, तुझ्याइतक्या चांगल्या भाषेत नाही, पण मंजूर झाला. वहिनी शाळेत जातील तेव्हा मी, मी झोपेन तेव्हा त्या. उरलेल्या हरभऱ्याचं काय व्हायचं ते होईल. मला त्याचं काही वचन नको.

पत्र त्यांच्या पलंगापाशी खुर्ची टाकून लिहिते आहे. ही खुर्ची फार करकरते, म्हणून उठत नाहीये. दोन तास झाले. पाय बधिर झालाय. त्या उठल्या की तुझं पत्र आलंय म्हणून सांगेन, आणि तू बरा आहेस म्हणून. तेवढं खरं ठेव.

तुझी
ठमी